बिनचावीच्या गाड्यांची चोरी : नागपुरातील गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरील प्रश्न नागपुरातील गाडीमालकांनी विमा घेताना, दावा दाखल करताना किंवा केवळ काळजीपोटी विचारलेले आहेत. उत्तरे देणाऱ्याचे काम मोटार विम्याचे दावे तयार करून देण्याचे असल्याने तांत्रिक भागाइतकाच कागदपत्रांचा भागही येथे सविस्तर आला आहे. काच फुटलेली नाही, दार उचकटलेले नाही आणि दोन्ही चाव्या घरातच आहेत, अशा स्थितीत गाडी नाहीशी झाली की ती चोरीच आहे हे पटवून देण्याचे ओझे मालकाच्याच अंगावर येते. कुलूप कसे फसते हे ठाऊक असल्याचा सर्वांत जास्त उपयोग तेव्हा होतो.

बिनचावीची गाडी म्हणजे नेमके काय? चावी तर तिलाही असते.

चावी असते, पण ती कुलपात घालावी लागत नाही. अशा गाडीत तीन वेगवेगळ्या यंत्रणा असतात आणि लोक त्यांना सरसकट ‘रिमोट’ म्हणतात, तिथून गोंधळ सुरू होतो. पहिली यंत्रणा म्हणजे बटण दाबून दारे उघडणे व लावणे. दुसरी, चावी खिशात ठेवून नुसत्या हँडलला हात लावल्यावर दार उघडणे आणि बटणाने इंजिन सुरू होणे. तिसरी म्हणजे इमोबिलायझर, जो चावीतील चिप ओळखल्याखेरीज इंजिन सुरू होऊ देत नाही. या तिन्हींच्या कमकुवत जागा निराळ्या आहेत, त्यामुळे एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडेलच असे नाही.

चावी जवळ आहे हे गाडीला कसे कळते?

हँडलला हात लागताच गाडी साधारण १२५ ते १३४ किलोहर्ट्झच्या कमी वारंवारतेवर एक हाक देते. ही हाक मुद्दाम क्षीण ठेवलेली असते. ती गाडीच्या आसपास मीटर-दोन मीटरपर्यंतच पोहोचते. चावीने ती ऐकली की ती ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरींवर कूटबद्ध उत्तर पाठवते आणि हे उत्तर मात्र बऱ्याच लांबून ऐकू येते. म्हणजे गाडी अंतर मोजत नाही. आपली हाक ज्या अर्थी चावीला ऐकू आली त्या अर्थी चावी जवळच असणार, असे ती गृहीत धरते. बिनचावीच्या गाड्यांची सर्वांत गाजलेली चोरी या एका गृहीतकावर उभी आहे.

चावी घरात असताना दाराशी उभी असलेली गाडी कशी जाते?

दोन माणसे लागतात. एक जण गाडीजवळ उभा राहून तिची हाक पकडतो, दुसरा घराच्या भिंतीपाशी अँटेना धरून तीच हाक आतल्या चावीपर्यंत पोहोचवतो. चावीला वाटते की गाडी शेजारी आहे, ती उत्तर देते आणि दार उघडते. इंजिन सुरू करण्यासाठी हाच प्रकार पुन्हा होतो. याला रिले हल्ला म्हणतात. झुरिकच्या ईटीएच या संस्थेतील संशोधकांनी २०११ मध्ये आठ उत्पादकांच्या दहा मॉडेलांवर तो करून दाखवला आणि दहाही गाड्या त्याला बळी पडल्या. त्यांच्या प्रयोगात चावीपासून अँटेना काही मीटर अंतरावर असली तरी काम भागत होते.

नागपूरच्या जुन्या ले-आउटमधील घरांची रचना या चोरीला सोयीची आहे, हे कटू असले तरी खरे आहे. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, खामला या भागांत फाटकाच्या आत लगेच पोर्च, पोर्चमध्ये गाडी, तिच्यामागे दिवाणखान्याचे दार आणि दाराच्या आतल्या बाजूला चाव्या अडकवण्याची खुंटी, असा क्रम घरोघरी दिसतो. खुंटीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंतचे अंतर बहुतेक वेळा एक वीत असते. त्यात मे महिन्यात खिडकीला लावलेला कूलर रात्रभर एवढा घरघरत असतो की दारे उघडल्याचा ‘टक’ असा आवाज किंवा फाटकाची कडी घरातल्यांना ऐकू येणे शक्य नसते. सीसीटीव्हीत नंतर दिसते ते इतकेच : एक माणूस भिंतीला पिशवी टेकवून उभा आहे, इंडिकेटर दोनदा लुकलुकतात, आरसे उघडतात आणि गाडी शांतपणे मागे येते.

संदेश कूटबद्ध असतो असे शोरूममध्ये सांगतात. मग तो फुटतो कसा?

रिले हल्ल्यात तो फोडावाच लागत नाही. निरोप्याला निरोपाचा अर्थ कळण्याची गरज नसते, तो जसाच्या तसा पोहोचवला म्हणजे झाले. त्यामुळे कूटलेखन कितीही भक्कम असले तरी या हल्ल्यापुढे त्याचा उपयोग होत नाही आणि विक्रेत्याचे वाक्य खरे असूनही गैरलागू ठरते.

कूटलेखनच कच्चे निघाल्याची उदाहरणे वेगळी आहेत. अनेक गाड्यांच्या चाव्यांमध्ये वापरलेली ४० बिटांची चिप अमेरिकेतील संशोधकांनी २००५ मध्ये फोडली. मेगामॉस क्रिप्टो या इमोबिलायझरमधील दोष दाखवणारा शोधनिबंध प्रसिद्ध होऊ नये म्हणून फोक्सवॅगनने २०१३ मध्ये ब्रिटनच्या उच्च न्यायालयातून मनाई हुकूम आणला आणि तो निबंध अखेर २०१५ मध्ये बाहेर आला. बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये टेस्लाच्या मॉडेल एस गाडीची चावी काही सेकंदांत नक्कल करून दाखवली. दोष लपवून ठेवला तर चोराला तो सापडणार नाही, ही उत्पादकांची समजूत या सगळ्या वर्षांत एकदाही खरी ठरलेली दिसत नाही.

चावीपासून दूर गेल्यावर इंजिन आपोआप बंद का पडत नाही?

सुरक्षिततेसाठी. चावीची बॅटरी वाटेत संपली किंवा संपर्क क्षणभर तुटला आणि वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर भर वेगात इंजिन बंद पडले तर जिवावर बेतेल. म्हणून गाडी फक्त डॅशबोर्डवर ‘चावी सापडत नाही’ असा इशारा देते आणि चालत राहते. चोराला एकदा सुरू झालेली गाडी मुक्कामापर्यंत बंद न करण्याचे भान तेवढे ठेवावे लागते.

मी नेहमी बटण दाबूनच गाडी लावतो. मग भीती नाही ना?

भीती कमी आहे, पण संपलेली नाही. त्याच वारंवारतेवर गोंगाट सोडून ‘लॉक’चा संदेश गाडीपर्यंत पोहोचूच न देणे, ही सर्वांत साधी युक्ती आहे, मालक बटण दाबून चालता होतो आणि गाडी उघडीच राहते. सीताबर्डीसारख्या गर्दीच्या ठिकाणी बोलत बोलत पाठमोऱ्याने बटण दाबण्याची सवय त्यामुळे सोडावी. इंडिकेटर लुकलुकले आणि आरसे मिटले हे डोळ्यांनी पाहूनच पुढे जावे. बटण दाबल्यावर जाणाऱ्या संदेशात दर वेळी बदलणारा सांकेतिक क्रमांक असतो; तो अडवून, साठवून नंतर वापरता येतो हे सॅमी कामकार या संशोधकाने २०१५ मध्ये दाखवले, तर २०२२ मध्ये होंडाच्या काही गाड्या जुने क्रमांकही पुन्हा स्वीकारतात असे उघड झाले. मात्र या मार्गाने बहुधा दारच उघडते. इंजिनासाठी चोराला पुढची पायरी चढावी लागते.

ती पुढची पायरी कोणती?

स्टीअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याजवळ सोळा पिनांचा एक सॉकेट असतो. त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. प्रदूषणाची आणि बिघाडाची तपासणी करण्यासाठी तो आहे. अमेरिकेत १९९६ पासून त्याचा सध्याचा नमुना सक्तीचा झाला आणि पुढे तो जगभर रूढ झाला. गॅरेजवाले स्कॅनर जोडतात तो इथेच. अनेक मॉडेलांत याच सॉकेटमधून गाडीला नवी चावी ‘शिकवता’ येते. सगळ्या चाव्या हरवलेल्या मालकाला घरी येऊन नवी चावी करून देणारा प्रामाणिक कारागीर जे यंत्र वापरतो, साधारण तेच यंत्र चोराच्याही पिशवीत असते. काच फोडून किंवा संदेश अडवून आत शिरायचे, सॉकेटला टॅब जोडायचा, कोरी चावी नोंदवायची आणि निघायचे, असा हा क्रम असतो. दिल्ली परिसरात पोलिसांनी वेळोवेळी पकडलेल्या टोळ्यांकडे असे टॅब आणि कोऱ्या चाव्या मिळाल्याच्या बातम्या वाचकांनी पाहिल्या असतील.

दावे पाहताना माझे मत असे बनले आहे की आपल्याकडे लोक रिलेच्या चित्रफिती पाहून घाबरतात आणि या सॉकेटकडे दुर्लक्ष करतात. रिलेला दोन माणसे, जुळलेली उपकरणे आणि भिंतीजवळ असलेली चावी एवढे सगळे लागते. ओबीडीच्या चोरीत चावी कुठे आहे याच्याशी चोराला कर्तव्यच नसते. तिजोरीत ठेवलेली चावीही तेथे उपयोगाची नाही.

हेडलाइटमधून गाडी चोरतात हे खरे आहे का?

खरे आहे. गाडीतील वेगवेगळे संगणक कॅन नावाच्या दोन तारांच्या जाळ्यावरून एकमेकांशी बोलतात. बॉशने हे जाळे १९८० च्या दशकात तयार केले, तेव्हा बाहेरचा कोणी त्यावर येऊन बोलेल अशी कल्पनाच नव्हती. त्यामुळे संदेश कोणी पाठवला हे तपासण्याची सोय मूळ रचनेत नाही. लंडनमध्ये इयान टेबर या वाहन-सुरक्षा संशोधकाची स्वतःची टोयोटा रॅव्ह-४ जुलै २०२२ मध्ये चोरीला गेली. त्याआधी तिचा बंपर सैल केलेला आणि हेडलाइटच्या तारा उपसलेल्या त्यांना आढळल्या होत्या. केन टिंडेल यांच्यासह त्यांनी शोध घेतला, तेव्हा ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात दडवलेले एक उपकरण बाजारात विकले जात असल्याचे दिसले. ते हेडलाइटच्या तारांतून कॅनवर ‘चावी योग्य आहे’ असा खोटा संदेश घुसवत होते. त्यांचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. यावरून मालकाने एवढेच लक्षात ठेवावे की सकाळी पुढचा बंपर हललेला, चाकावरचे प्लास्टिकचे अस्तर निघालेले किंवा एका बाजूचा दिवा बंद दिसला, तर तो पोरांचा खोडसाळपणा समजून सोडून देऊ नये आणि त्या रात्री गाडी तेथे उभी करू नये.

चावी ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये, स्टीलच्या डब्यात किंवा फ्रिजमध्ये ठेवावी का?

फ्रिजमध्ये नको, ओल लागते. मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नको. घरातल्या दुसऱ्या कोणी तो सुरू केला की चावीही जाईल आणि भट्टीही. गाडीची हाक किंवा चावीचे उत्तर, या दोहोंपैकी एक जरी अडले तरी रिले साधत नाही. फॉइल नीट गुंडाळले तर बहुधा काम करते, पण आठवड्याभरात फाटते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा कधी चालतो, कधी नाही. सिग्नल अडवणारे पाऊच बाजारात मिळतात, त्यांचेही अस्तर वापराने झिजते. वस्तू कोणतीही असो, तिची परीक्षा एकच आहे : चावी तिच्यात बंद करून गाडीच्या दाराला अगदी खेटून उभे राहावे आणि हँडल ओढावे. दार उघडले तर ती वस्तू निरुपयोगी. ही परीक्षा दर दोन-तीन महिन्यांनी करावी आणि दुसऱ्या चावीची तर विसरूच नये. कपाटात पडून असलेली ती चावीही जागीच असते व हाकेला ओ देते.

पाऊचपेक्षाही चांगला उपाय बहुतेकांच्या गाडीत फुकट असतो, तो म्हणजे हँडलला हात लावून दार उघडण्याची सोयच बंद करणे. काही गाड्यांत ती पडद्यावरील मेनूतून बंद होते, काहींत सर्व्हिस सेंटरला सांगावे लागते. टोयोटाच्या अनेक स्मार्ट चाव्यांमध्ये लॉकचे बटण दाबून धरून अनलॉकचे बटण दोनदा दाबले की चावी झोपी जाते आणि तिचा दिवा चार वेळा लुकलुकतो. कोणतेही बटण दाबले की ती पुन्हा जागी होते. काही नव्या चाव्या न हलता पडून राहिल्या की आपोआप झोपतात. आपल्या चावीत ही सोय आहे का, हे माहितीपुस्तिकेत पाहावे; विक्री प्रतिनिधीला ते क्वचितच सांगता येते.

थोडे पैसे खर्च करायचे झाले तर कशावर करावेत?

स्टीअरिंगला लावायच्या लोखंडी दांडीवर. ती जुनाट दिसते म्हणून तिची थट्टा होते; पण रिले, ओबीडी आणि कॅन या तिन्ही मार्गांनी आलेल्या चोराला ती कापत बसावी लागते आणि रस्त्यावरून दिसत असल्याने तो बहुधा दुसरी गाडी पाहतो. त्यानंतर ओबीडी सॉकेटवर बसणारे धातूचे कुलूप. इंधनाच्या किंवा इग्निशनच्या वायरिंगमध्ये दडवलेला स्विच परिणामकारक असतो, मात्र वायरिंगला हात लावल्याने वॉरंटी जाऊ शकते आणि आग लागल्यास विमा कंपनी त्यावर बोट ठेवू शकते, म्हणून तो बसवण्यापूर्वी दोघांनाही लेखी विचारावे. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने प्रमाणित केलेले चोरीरोधक उपकरण बसवल्यास विम्यातील स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाच्या हप्त्यात अडीच टक्के, कमाल ५०० रुपये, सवलतीची तरतूद जुन्या मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे विम्याच्या दरपत्रकात, होती; नूतनीकरणाच्या वेळी आपल्या कंपनीकडे ती मागून पाहावी.

जीपीएस किंवा कंपनीचे ॲप असल्यावर काळजी कशाला?

गाडी शोधायला त्याचा उपयोग होतो, चोरी थांबवायला फारसा नाही. मोबाइलचे जाळे जॅम करणारे उपकरण चोराकडे असले तर ठिकाण कळणे थांबते. कंपनीच्या ॲपची फुकट मुदत संपते आणि पुढचे पैसे कोणी भरत नाही, हेही सर्रास घडते. गरज पडते त्या रात्री ॲप ‘सदस्यत्व संपले’ एवढेच सांगते. ॲपमुळे दुसरे एक दारही उघडते. अमेरिकेत २०२४ मध्ये काही संशोधकांनी कियाच्या वितरकांसाठी असलेल्या संकेतस्थळातील दोष वापरून, केवळ नंबरप्लेटवरून दूरच्या गाडीचे दार उघडता येते हे दाखवून दिले. कंपनीने तो दोष नंतर दुरुस्त केला. जीपीएस वेगळा बसवायचा असेल तर स्वतःची बॅटरी असलेला घ्यावा आणि तो डॅशबोर्डखाली, जिथे सगळेच बसवतात तिथे, बसवू नये. ठिकाण दिसले तरी स्वतः पाठलाग करू नये. ते पोलिसांना सांगावे.

लग्नाच्या लॉनवर व्हॅले पार्किंगला चावी द्यावी का?

शक्यतो देऊ नये. वर्धा रोडवरच्या किंवा कोराडी रोडवरच्या एखाद्या लॉनवर तीन-चार तास चावी अनोळखी हातात असते आणि ओबीडीतून नवी चावी नोंदवायला त्यातला फारच थोडा वेळ पुरतो. गाडी त्या रात्री परत मिळते; ती जाते नंतर केव्हातरी, घरून, आणि दोन्ही गोष्टींचा संबंध कोणाच्या डोक्यात येत नाही. चावी देणे भागच पडले तर गाडीची कागदपत्रे, ज्यांवर घरचा पत्ता असतो, ती स्वतःजवळ ठेवावीत आणि पावती जपून ठेवावी. दिल्लीतील एका हॉटेलच्या व्हॅलेकडून १९९८ मध्ये चोरीला गेलेल्या मारुती झेनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये हॉटेलला जबाबदार धरले आणि पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापल्याने हॉटेलची सुटका होत नाही असे स्पष्ट केले. मात्र गाडी व्हॅलेच्या ताब्यात दिली होती, हे आधी मालकाने दाखवावे लागते.

जुनी गाडी घेतली आहे. आधीच्या मालकाकडे आणखी एखादी चावी असेल तर?

असेल असेच धरून चालावे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीतील सर्व चाव्यांची नोंद पुसून, हातात असलेल्या चाव्याच पुन्हा नोंदवून मिळतात. त्याचे बिल घ्यावे आणि त्यावर किती चाव्या नोंदल्या हे लिहून घ्यावे. दाव्याच्या वेळी हा कागद सोन्याच्या मोलाचा ठरतो. विक्रेत्याने एकच चावी दिली असेल तर सौदापत्रात तसे नमूद करून घ्यावे. आधीच्या मालकाचे ॲपमधील खातेही बंद झाले आहे याची खात्री करावी.

बिनचावीच्या स्कूटरचे काय?

तत्त्व तेच आहे. होंडाने जानेवारी २०२३ मध्ये अॅक्टिव्हाची स्मार्ट चावीची आवृत्ती आणल्यापासून हा प्रश्न नागपुरात जास्त येतो. दुचाकी दोन माणसे उचलून टेम्पोत टाकू शकतात, त्यामुळे तेथे इलेक्ट्रॉनिक हल्ल्याची चिंता करण्यापेक्षा डिस्क लॉक किंवा साखळी वापरावी.

नवी गाडी घेताना शोरूममध्ये काय विचारावे?

चावीत अल्ट्रा वाइडबँड आहे का, हे विचारावे. या तंत्रात गाडी संदेशाच्या प्रवासाला लागलेला वेळ मोजते. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते, त्यामुळे संदेश रिलेमार्गे आला की त्याला झालेला विलंब लपत नाही. जर्मनीच्या एडीएसी या मोटारचालक संघटनेने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निकालांत तपासलेल्या २३७ गाड्यांपैकी तीनच रिलेला पुरून उरल्या. त्या जग्वार लँड रोव्हरच्या होत्या आणि त्यांत हेच तंत्र होते. फोनला चावी म्हणून वापरण्याची सोय असेल तर ती निव्वळ ब्लूटूथवर चालते की अल्ट्रा वाइडबँडवर, हेही विचारावे. ब्लूटूथवर चालणारी टेस्ला रिलेने उघडता येते हे २०२२ मध्ये दाखवले गेले आहे. उत्पादकांनी सायबर सुरक्षेची जबाबदारी घ्यावी यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतील आर १५५ हा नियम २०२० मध्ये संमत झाला आणि आपल्याकडे त्याच धर्तीवर एआयएस १८९ हे मानक तयार झाले. परंतु नियम गाडीला विकल्यानंतर लोखंडी दांडी बसवत नाही, तोवर ती आपणच घ्यायची आहे.

गाडी जागेवर नाही असे दिसल्यावर आधी काय करावे?

आधी वित्तसंस्थेने किंवा वाहतूक पोलिसांनी उचलली नाही ना, हे पाहावे आणि लगेच ११२ वर कळवावे. त्यानंतर फास्टॅगच्या खात्यातील व्यवहार पाहावेत. नागपूर हे राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ यांच्या छेदावर आहे. गाडी मध्य प्रदेशाच्या हद्दीत जायला दोन तासही लागत नाहीत, आणि समृद्धी महामार्गाने ती सकाळपर्यंत मुंबईच्या वाटेवर बरीच पुढे गेलेली असू शकते. टॅग काढून फेकण्याची आठवण चोराला झाली नसेल तर बोरखेडी, खुमारी, गोंडखैरी किंवा माथनी यांपैकी कोणत्या नाक्यावर पैसे कापले गेले यावरून दिशा समजते. म्हणून टॅग घाईने बंद करू नये. आधी पोलिसांना विचारावे.

फिर्याद त्याच दिवशी द्यावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही करावी लागते आणि एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. फिर्यादीत दोन्ही चाव्या आपल्या ताब्यात आहेत, गाडी बिनचावीची आहे आणि शेवटी केव्हा, कोठे, कशी लॉक केली, हे स्पष्ट लिहावे. शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्यातील चित्रण त्याच दिवशी मागून घ्यावे, कारण बहुतेक यंत्रे थोड्या दिवसांत जुने चित्रण पुसून टाकतात. विमा कंपनीला आणि गाडी जेथे नोंदलेली आहे त्या एमएच ३१, ४० किंवा ४९ च्या आरटीओ कार्यालयाला लेखी कळवावे, म्हणजे मालकी हस्तांतरण रोखता येईल.

विमा कंपनी दोन्ही चाव्या का मागते? एक चावी हरवली असेल तर दावा बुडतो का?

मालकाने गाडी स्वतःच विकून चोरीचा बनाव केलेला नाही, हे पडताळण्यासाठी कंपनी चाव्या मागते. चाव्या दिल्या की पुष्कळदा त्यांतील माहिती तपासली जाते. काही चाव्यांमध्ये शेवटच्या वापराची नोंद राहते. जी गाडी खुणा न ठेवता गेली, तिच्या मालकाकडे संशयाने पाहणे कंपनीला सोपे जाते, आणि येथेच लोक खचतात. अशा वेळी सर्व्हिस सेंटरच्या नोंदी, चाव्यांची संख्या दाखवणारे बिल आणि पोर्चचे चित्रण उपयोगी पडते. चावी हरवली असेल तर ती हरवली त्याच वेळी पोलिसांत नोंद करून कंपनीला कळवायला हवे. चोरीनंतर सांगितलेली गोष्ट पटवणे अवघड जाते. चावी गाडीतच राहिली असली तरी दावा शून्य होतोच असे नाही. २०२३ मध्ये चावीसह चोरीला गेलेल्या ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दाव्याच्या ७५ टक्के रक्कम मान्य केली.

कंपनीला कळवायला थोडा उशीर झाला, एवढ्यावरून दावा नाकारला जात असेल, तर जानेवारी २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवावा. एफआयआर तातडीने दाखल झाली असेल तर कंपनीला कळवण्यातील विलंब हे दावा फेटाळण्याचे कारण होऊ शकत नाही, असे त्यात म्हटले आहे.

पैसे किती मिळतात आणि केव्हा?

पॉलिसीवर लिहिलेली आयडीव्ही, म्हणजे घसारा वजा जाता घोषित केलेली किंमत, त्यातून ठरलेली वजावट कमी करून. हा घसारा सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के धरला जातो. तपास निष्फळ ठरला की पोलीस न्यायालयात ‘अ’ समरी अहवाल सादर करतात, म्हणजे गुन्हा खरा पण उघडकीस न आलेला. तो मंजूर झाल्याशिवाय रक्कम सहसा हातात पडत नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, पण स्वतःच्या नुकसानीचा भाग पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. ‘तीन वर्षांची पॉलिसी आहे’ या समजुतीत लोक दुसऱ्या वर्षी तो भाग भरत नाहीत. चोरीची भरपाई त्याच भागात असते, तृतीय पक्षाच्या विम्यात नसते. हे वाचून झाल्यावर पॉलिसी काढून तारीख पाहावी.

चोरीची गाडी परत सापडली तर?

भरपाई मिळालेली नसेल तर गाडी मालकाचीच राहते. ती ज्या ठाण्यात जप्त आहे तेथील न्यायालयात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर ताब्यात घ्यावी. वाहने ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे सडवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच बजावले आहे, तरी अर्ज केल्याखेरीज ती हलत नाही. रक्कम मिळून गेली असेल तर गाडीवर कंपनीचा हक्क असतो, हे पोलिसांना सांगून कंपनीलाही कळवावे. गाडी घरी आणण्यापूर्वी ती थेट सर्व्हिस सेंटरला न्यावी, चाव्यांची सर्व नोंद पुसून नवी करावी, चेसिस क्रमांक आणि नंबरप्लेट तपासावी, आणि बंपरमागे किंवा डॅशबोर्डखाली न ओळखता येणारी एखादी वायर वा डबी दिसली तर ती स्वतः न काढता तपास अधिकाऱ्याला दाखवावी.